तेवीस थांबे, सहा दिवस आणि समुद्राचं घड्याळ

तुम्ही लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा दिवस, साधारण ६५० किलोमीटरचा किनारी रस्ता, गाडीत चौघं. नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. नकाशावर २३ जागा टिपून झाल्यात. त्या सगळ्या सहा दिवसांत कशा बसवायच्या?

कागदावर बसतात, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. हिशेब करून बघा. वळणावळणाच्या किनारी रस्त्यावर मधली गावं, अवजड गाड्या, पुढे रेंगाळणारे हौशी लोक हे सगळं धरून तासाला सरासरी ४० किलोमीटर पडतात. म्हणजे ६५० किलोमीटरला सोळा-सतरा तास. प्रत्येक थांब्याला पाऊण तास दिला तर २३ थांब्यांचे आणखी सतरा. भागिले सहा, रोजचे साडेपाच-पावणेसहा तास. यात न जमण्यासारखं काय आहे?

सुरुवातीला मीही लोकांना अशाच सहली आखून द्यायचो. सगळे थांबे व्हायचे. फक्त निम्म्या जागी माणसं चुकीच्या वेळी पोहोचायची. ओहोटीत आत शिरता येणारी गुहा ऐन भरतीला बघायची, म्हणजे न बघताच परतायचं. जिथला सूर्यास्त बघायचा ती पुळण भर दुपारी दोनला, आणि सूर्यास्ताच्या वेळी गाडी पेट्रोलच्या रांगेत. तेव्हापासून किलोमीटर आणि थांबे मोजणं मी शेवटावर टाकलं. आधी दोन घड्याळं मांडतो, एक उजेडाचं आणि एक पाण्याचं. किनाऱ्यावरची जागा डोंगरातल्या देवळासारखी दिवसभर एकसारखी नसते. दर दोन तासांनी ती वेगळी असते.

पाण्यापासून सुरू करू, कारण लोक नेमकं तेच विसरतात. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी १० ला पूर्ण ओहोटी असेल, तर सहाव्या दिवशी तीच ओहोटी दुपारी दोनच्या आसपास येईल. नुसतं एवढं लक्षात घेतलं तरी तुमच्या यादीचा क्रम आपोआप हलायला लागेल. खडकांमधली डबकी, त्यातले तारामासे, ओल्या वाळूवरून बेटापर्यंत चालत जाणं, कमानीखालून पलीकडे जाणं, हे सगळं ओहोटीचं काम. कड्यावर आपटून उडणारं पाणी बघायचं तर भरती हवी.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी. डबकी बघायची असतील तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी उत्तम, पण त्याच दिवसांत पाणी परततंही जोरात. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम, आणि मधल्या दोन तासांत एकूण चढउताराच्या जवळजवळ निम्मं. त्यामुळे ‘आत्ता तर घोट्याएवढंच होतं’ असं म्हणणारी माणसं अर्ध्या तासात कमरेएवढ्या पाण्यात सापडतात. माझा शिरस्ता असा की पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचायचं आणि ओहोटी पूर्ण झाली की पाठ फिरवायची.

रस्ताच पाण्याखाली जातो अशाही जागा आहेत. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाचा रस्ता आणि फ्रान्समधला नुआर्मुतिए बेटाकडे जाणारा पासाज द्यु ग्वा, दोन्ही दिवसातून दोनदा बुडतात. सुरक्षित वेळांचे फलक असूनही तिथे गाड्या अडकतात, म्हणून पाण्यात अडकलेल्यांना चढून बसायला लिंडिसफार्नच्या वाटेवर खांबांवरची खोली बांधून ठेवली आहे. तुमच्या यादीत असा एखादा थांबा असेल तर आख्खा दिवस त्याच्याभोवती लावा, तो दिवसात कुठेतरी कोंबू नका. आणि वेळापत्रक वाचताना एक बारकी गोष्ट बघा: उन्हाळ्यात घड्याळं तासाने पुढे करणाऱ्या देशांत ते वेळापत्रक बदललेल्या वेळेत छापलंय की मूळ वेळेत? एका तासाची ही चूक महागात पडते. भूमध्य किंवा बाल्टिक समुद्राला मात्र हा सगळा व्याप नाही, तिथे बहुतेक ठिकाणी चढउतार नगण्य.

दुसरं घड्याळ उजेडाचं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून येतो. नऊ-दहाला तो डोंगरावर पुरेसा आला की पाणी निळं-हिरवं दिसतं, तळातले खडकही दिसतात. दुपार कलली की सूर्य समोर येतो आणि तोच समुद्र चकाकत्या पत्र्यासारखा होतो. डोळे दिपतात, फोटोत रंग येत नाही. पुढे सूर्यास्ताचा सोहळा होतो खरा, पण तीन ते पाच हे दोन तास फुकट जातात. ते मी प्रवासाला, जंगलातल्या चालण्याला किंवा चक्क झोपेला देतो. पूर्व किनाऱ्यावर हे सगळं उलटं. दक्षिणेकडे बघणारा किनारा उत्तर गोलार्धात असला तर सूर्य दिवसभर समोरच रेंगाळतो. तिथे लवकर सकाळ किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची वेळ गाठावी.

या नियमाला धुक्याचा अपवाद आहे. थंड पाण्याच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचं धुकं हटता हटत नाही. कॅलिफोर्नियाचा किनारा याचं ठळक उदाहरण. जून-जुलैत लोक मोठ्या आशेने जातात आणि अकरापर्यंत पांढऱ्या भिंतीकडे बघत बसतात. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस जास्त निवळ. अशा किनाऱ्यावर सकाळी आतल्या बाजूचं, म्हणजे झाडीतलं किंवा गावातलं काहीतरी ठेवायचं आणि समुद्र दुपारनंतर.

आता दिशा. सहल वर्तुळाकार नसेल आणि कुठल्या टोकापासून सुरू करायचं हे तुमच्या हातात असेल, तर समुद्र तुमच्या लेनच्या बाजूला येईल अशी दिशा घ्या. गाड्या डावीकडून चालतात तिथे समुद्र डाव्या हाताला, उजवीकडून चालतात तिथे उजव्या हाताला. कॅलिफोर्नियाचा हायवे वन म्हणूनच उत्तरेकडून दक्षिणेला करतात आणि ऑस्ट्रेलियाचा ग्रेट ओशन रोड टॉर्कीकडून पश्चिमेला. लोकांना वाटतं हे दृश्यासाठी. दृश्य तर मिळतंच, पण खरं कारण वेगळं आहे. बघण्याच्या जागा, गाडी बाजूला घेण्याच्या पट्ट्या बहुतेक समुद्राच्या अंगाला असतात. तुम्ही त्याच अंगाला असाल तर समोरून येणाऱ्या गाड्या कापत आत-बाहेर करावं लागत नाही. वळणावर दिवसातून वीस वेळा अशी लेन ओलांडणं हा किनारी रस्त्यावरचा सगळ्यांत मोठा धोका. कडा, लाटा वगैरे नंतर.

आयर्लंडच्या रिंग ऑफ केरीवर मात्र जरा पेच आहे. सुमारे १८० किलोमीटरचं हे वर्तुळ. डावीकडून गाडी चालवताना समुद्र डाव्या हाताला हवा तर घड्याळाच्या दिशेने जावं लागतं, आणि पर्यटकांच्या मोठ्या बसेस नेमक्या उलट्या दिशेने येतात. बससमोर अरुंद वळणावर यायचं की दिवसभर बसच्या मागे धूर खायचा? मी तिथे भल्या पहाटे निघून घड्याळाच्या दिशेने जाणं पसंत करतो. बसेस रस्त्यावर येईपर्यंत बराच पल्ला मोकळा मिळतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्या: सासूबाईंना उंचीची भीती आहे का? समुद्राच्या अंगाच्या लेनमधून जाताना पुढच्या प्रवासी सीटखाली थेट दरी दिसते. काहींना तेच हवं असतं, काहींचे हातपाय गार पडतात. भीती असेल तर त्यांना ड्रायव्हरच्या मागे बसवा, म्हणजे डोंगराच्या बाजूला. भीती गाडी चालवणाऱ्यालाच असेल तर माझा सगळा नियम गुंडाळून ठेवा आणि उलट दिशेने जा.

यादी कापण्याआधी रस्ता तपासा, कारण नावात ‘कोस्टल’ असलं म्हणून रस्ता समुद्राला चिकटून असतोच असं नाही. खाड्या, दलदल, खासगी जमिनी आल्या की रस्ता आत वळतो आणि तासभर समुद्राचा पत्ताच नसतो. ग्रेट ओशन रोडच घ्या. अपोलो बे सोडलं की रस्ता ऑटवेच्या जंगलात शिरतो आणि बराच वेळ झाडांतूनच जातो. जंगल सुंदर आहे, पण डाव्या खिडकीत समुद्र शोधत बसलेल्यांची निराशा होते. उलट नॉर्वेचा अटलांटिक रोड. फोटो बघून लोकांना तो दिवसभराचा प्रवास वाटतो. प्रत्यक्षात ८ किलोमीटरहून थोडा जास्त, त्यावर आठ पूल. न थांबता गेलात तर दहा मिनिटांत संपतो. तर उपग्रहाचा नकाशा मोठा करा आणि बोटाने रस्त्यावरून फिरा. पाणी खरोखर दिसतं असे तुकडे रंगवा. ६५० पैकी दीड-दोनशे किलोमीटर निघाले तरी नशीब समजा. वेळ त्या तुकड्यांवर घालवायचा. उरलेल्या रस्त्यावर सरळ गाडी हाणायची, आणि आत समांतर महामार्ग असेल तर तो घ्यायलाही लाजायचं नाही.

आता ते २३. मी थांब्यांना तीन नावं दिली आहेत: घड्याळाचे, पायांचे आणि खिडकीचे. घड्याळाचा थांबा म्हणजे ज्याची वेळ तुमच्या हातात नाही. भरती-ओहोटी, सूर्यास्त, फेरी बोट, ठरावीक वेळीच उघडणारं दीपगृह. पायांचा थांबा म्हणजे जिथे तास-दीड तास चालायचं आहे. खिडकीचा म्हणजे गाडी बाजूला घ्या, उतरा, दहा मिनिटं बघा, पुढे चला. दिवसाला एक घड्याळाचा, एक पायांचा, बस्स. खिडकीचे थांबे यादीत लिहायचेच नाहीत. ते रस्ता स्वतः देतो. जागा मिळाली तर थांबायचं, गर्दी दिसली तर पुढचं वळण बघायचं. पहिला आणि शेवटचा दिवस अर्धाच धरला तर तुमच्या सहलीत पाच घड्याळाचे आणि चार-पाच पायांचे थांबे बसतील. म्हणजे २३ पैकी दहा. उरलेल्या तेरापैकी निम्मे खिडकीचे आहेत, ते असेही दिसतील.

उरलेले सहा-सात कापताना सारखेपणा बघा. तुमच्या यादीत कडे किती, पुळणी किती? एका दिवसातल्या तिसऱ्या कड्यावर मूल गाडीतून उतरत नाही आणि मोठी माणसं उतरतात ती एकमेकांच्या भिडेखातर. पाच कड्यांपैकी दोन ठेवा आणि त्या जागी मासेमारीचा धक्का, दीपगृह, खाडीकाठची झाडी असं काहीतरी घाला. एक थांबा छपराखालचा असू द्या. पाऊस तुमच्या यादीला विचारून येत नाही.

मुक्काम कुठे करायचा यावर माझं मत ठाम आहे: सगळ्यांत देखण्या तुकड्याच्या अलीकडे. लोक तो तुकडा पार करून पलीकडे राहतात. म्हणजे दिवसभराच्या थकव्यानंतर, संध्याकाळच्या घाईत, तोच रस्ता उरकतात. अलीकडे राहिलात तर सकाळी ताजेतवाने निघता, बसेस आलेल्या नसतात, पार्किंग रिकामं असतं, आणि पश्चिम किनारा असेल तर ऊन पाठीशी. सहा दिवसांत तीन मुक्काम पुरे, शक्यतो दोन-दोन रात्रींचे. रोज सकाळी सामान भरण्यात तास जातो आणि तो तास दिवसातला सर्वांत चांगला उजेड असलेला असतो. सूर्यास्ताच्या जागेपासून खोली वीस मिनिटांच्या आत हवी. अनोळखी किनारी रस्त्यावर अंधारात गाडी चालवायची नाही, यात मी कुणाचीही सूट मान्य करत नाही. विषुववृत्ताजवळ सूर्य बुडाल्यावर पाऊण तासात गडद होतं. वर उत्तरेला उन्हाळ्यात संधिप्रकाश तासन्‌तास टिकतो, तिथे जरा सैल सोडा.

गाडी चालवणाऱ्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. सगळे ‘ते बघ!’ म्हणतात, आणि ज्याने बघू नये तोच बघतो. दोघांनाही चालवता येत असेल तर पाणी दिसणारे तुकडे वाटून घ्या. एकट्याला चालवायचं असेल तर खिडकीचे थांबे दुप्पट करा आणि गाडीत ‘बघ’ हा शब्द बंद करा. मागे रांग लागली की पहिल्या रुंद जागी बाजूला व्हा. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा एनसी ५०० रस्ता सुमारे ८३० किलोमीटरचा आहे आणि त्यातले कित्येक तुकडे एकाच गाडीच्या रुंदीचे. तिथे ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घेण्याच्या जागा आहेत. त्या समोरच्याला आणि मागच्यालाही वाट द्यायला आहेत, फोटोसाठी गाडी लावायला नाहीत. अशा रस्त्यावर तासाला ४० सोडा, ३० धरा.

मुलीला गाडी लागते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागत असेल तर वळणांच्या तुकड्याआधी पोट गच्च भरू नका, हातात मोबाईल-पुस्तक देऊ नका, समोरचा रस्ता किंवा क्षितिज दिसेल असं बसवा. दर पाऊण तासाला पाय मोकळे करा. सासूबाईंसाठी स्वच्छतागृहांच्या जागा आधीच नकाशावर टिपा. किनाऱ्यावरचे लांब तुकडे बहुधा निर्मनुष्य असतात आणि हा विषय ऐनवेळी काढायला माणसं संकोचतात.

रस्ता बंद असू शकतो, हे गृहीतच धरा. कड्यांत कोरलेले रस्ते सतत ढासळत असतात. खालून लाटा पोखरतात, वरून पाऊस माती सैल करतो. कॅलिफोर्नियात बिग सरजवळ मे २०१७ मध्ये मड क्रीकला आख्खा उतार समुद्रात घसरला आणि रस्ता पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. दक्षिण आफ्रिकेतला चॅपमन्स पीक ड्राइव्ह, जेमतेम ९ किलोमीटर आणि ११४ वळणं, दरडींमुळे २००० मध्ये बंद झाला तो २००३ मध्ये उघडला, आणि आजही हवा बिघडली की बंद करतात. अमाल्फी किनाऱ्यावर तर गर्दीच्या मोसमात नंबरप्लेटच्या सम-विषम अंकावरून गाड्या सोडतात. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी आणि मग रोज सकाळी त्या भागाच्या रस्ते खात्याची स्थिती बघायची. प्रत्येक मोठ्या तुकड्यासाठी आतून जाणारी पर्यायी वाट काढून ठेवायची. पर्याय आहे की नाही आणि त्याला किती तास लागतात, हे दोन्ही. डोंगर मध्ये असला तर नकाशावरचा वीस किलोमीटरचा बंद तुकडा तीन-चार तासांचा वळसा मागतो. खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या.

कड्याच्या टोकाविषयी एकच सांगतो. ग्रेट ओशन रोडवर लंडन ब्रिज नावाची खडकाची दुहेरी कमान होती. जानेवारी १९९० मध्ये तिचा किनाऱ्याकडचा भाग अचानक कोसळला. पलीकडे उभे असलेले दोघे पर्यटक अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. कठड्यापलीकडची पायवाट कितीही मळलेली दिसली तरी ती खाली पोकळ असू शकते. पुळणीवर मुलीला पाण्याकडे पाठ करून उभं करू नका. आइसलंडच्या रेनिसफ्यारासारख्या किनाऱ्यांवर शांत दिसणाऱ्या पाण्यातून एकच लाट अचानक खूप आत येते, आणि तिथे त्यामुळे माणसं गेली आहेत.

गाडीचं फार नाही. टाकी निम्म्यावर आली की भरायची, पुढे पंप दिसेल या भरवशावर राहायचं नाही. विजेची गाडी असेल तर हाच नियम अधिक कडक. नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, कड्यांच्या आडोशाला नेटवर्क जातं. समोरची काच रोज सकाळी आणि संध्याकाळच्या प्रवासाआधी पुसा. खारट तुषारांचा पातळ थर साध्या उजेडात दिसत नाही, मावळतीचं ऊन समोर आलं की आख्खी काच आंधळी होते. सामान डिकीत टाकायचं ते खोलीवरून निघतानाच. बघण्याच्या जागी पोहोचून, सगळ्यांसमोर बॅगा डिकीत ठेवून चालायला जाणं म्हणजे चोराला यादी वाचून दाखवणं. भाड्याची गाडी असेल तर वाळूवर नेण्याचा मोह आवरा, बहुतेक करारांत वाळूवरच्या नुकसानीला विमा लागू नसतो. आणि पुळणीवर लावलेली गाडी भरती येताना कशी दिसते, ते मी एकदा दुसऱ्याच्या गाडीबाबत बघितलंय. दोरखंड, ट्रॅक्टर आणि दीडशे बघे.

आता तुमचं काम: सहा दिवसांच्या ओहोटीच्या आणि सूर्यास्ताच्या वेळा एका कागदावर लिहा. त्याखाली घड्याळाचे पाच थांबे बसवा. ते बसले की मुक्काम ठरतील, मुक्काम ठरले की पायांचे थांबे. परतीचा प्रवास त्याच किनाऱ्याने करू नका, आतल्या महामार्गाने सरळ या. आणि गाडी स्वतःची असेल तर घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचा खालचा भाग साध्या पाण्याने दाबून धुऊन घ्या. मीठ तिथे बसून राहतं.